माकडहाडाजवळ गाठ, रिपोर्टात 'कॉर्डोमा' : ऑपरेशन इथेच करावं की मुंबईला न्यावं?

कृष्णाकाठ
मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.
माझे मामा, वय ५८, तासगावकडे द्राक्षबाग. वर्षाहून जास्त झालं, बसलं की माकडहाड दुखतं. आधी मूळव्याधीची औषधं झाली, मग 'ट्रॅक्टरवर बसून बसून होतं' असं ऐकलं, मग मधे भोक असलेली उशी आली. हल्ली शौचाला त्रास, लघवी सुरू व्हायला वेळ आणि बसायच्या जागेची एक बाजू बधिर. शेवटी एका डॉक्टरांनी गुदद्वारातून बोट घालून तपासलं आणि त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं. रिपोर्ट : सेक्रममध्ये (माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड) एस३ म्हणजे त्याच्या तिसऱ्या मणक्यापासून खाली ७ सेंमीची गाठ, पुढे गुदाशयाकडे वाढलेली, कॉर्डोमाची शक्यता.

इथले एक सर्जन म्हणतात, पुढच्या आठवड्यात उघडू, निघेल तेवढी काढू आणि मग तपासायला पाठवू. मामी म्हणते, एकदाचं काढून टाका. मी गुगल करून झोप घालवून बसलोय. हा कॅन्सरच का? दुर्मिळ म्हणजे उपचारच नाहीत का? आणि इथेच करावं की मुंबईला न्यावं? कुणाला अनुभव आहे का?

मीनल_ठाणे
बापरे. नावच पहिल्यांदा ऐकलं. काळजी घ्या. धागा वाचतेय.

अस्थिपंजर
मी हाडांचा डॉक्टर आहे, पण मामांना तपासलेलं नाही. त्यामुळे हे सर्वसाधारण बोलणं समजा.

सर्वात आधी : पुढच्या आठवड्यातलं ऑपरेशन थांबवा. ही गाठ हळू वाढते. चार-सहा आठवडे नीट तयारीत गेले तर सहसा बिघडत नाही, घाईने चुकीच्या पद्धतीने उघडली तर मात्र कायमचं बिघडतं. अपवाद एकच. लघवी पूर्ण अडली किंवा पायातली ताकद भराभर कमी व्हायला लागली तर वाट न बघता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आता कारण. गर्भात कणा तयार व्हायच्या आधी पाठीच्या मध्यरेषेत नोटोकॉर्ड नावाची एक दोरी असते. पुढे ती विरून जाते, पण तिच्या पेशींचे अवशेष काही जणांच्या हाडात राहतात आणि क्वचित कधी त्यातून कॉर्डोमा होतो. वर्षाला दहा लाखांत साधारण एक. तो बहुतेक कण्याच्या दोन टोकांना सापडतो, खाली सेक्रममध्ये आणि वर कवटीच्या तळाशी. मधल्या मणक्यांत त्यामानाने कमी. हो, हा कॅन्सरच आहे. फुप्फुसात किंवा दुसऱ्या हाडात तो जातो, पण बहुधा उशिरा. त्याची खरी खोड म्हणजे होता त्याच जागी पुन्हा उगवणं.

आतून गाठ बुळबुळीत असते. आवरण फाटलं की आतला माल जखमेत सांडतो आणि सांडेल तिथे रुजू शकतो. त्यामुळे अंड्यातला बलक न फोडता उचलावा तशी ती भोवतालच्या निरोगी थरासकट एकसंध काढावी लागते. 'निघेल तेवढी काढू' हे वाक्य या गाठीच्या बाबतीत मला अजिबात आवडलेलं नाही. नेहमीच्या केमोचा उपयोग जवळजवळ नसतो, साधं रेडिएशन कमी पडतं. म्हणजे पहिलं ऑपरेशन हीच सर्वात चांगली संधी.

बायोप्सी आधी हवी, पण सीटी बघत, मागच्या बाजूने, सुईने. आणि जो पुढे ऑपरेशन करणार त्याला विचारून, कारण सुईचा मार्गसुद्धा नंतर गाठीबरोबर काढायचा असतो. गुदाशयातून सुई घालू देऊ नका. तो मार्ग सोपा दिसतो, पण मग चांगला गुदाशयही काढायची पाळी येऊ शकते.

भटकी_म्हैस
डॉक्टर, माहिती उत्तम, पण उद्या नाश्त्याला मी पोहेच खाणार.

प्रवरानगरी
आमच्याकडे एक हाडवैद्य आहेत, माकडहाड बाहेरून बसवून देतात. शिवाय गोमूत्र अर्काने गाठ विरघळते असा अनुभव आहे. श्रद्धा असेल तर करून बघा, तोटा काय?

अस्थिपंजर
तोटा सांगतो. बधिरपणा आणि लघवीचा त्रास असलेल्या माणसाच्या सेक्रमवर कुणीही दाब देऊन 'बसवायचं' नाही. गाठीने आतून पोखरलेलं हाड असतं ते.

भटकी_म्हैस
आणि गोमूत्राबद्दल माझे हितसंबंध आधीच जाहीर करते. आम्हा म्हशींना या क्षेत्रात कधीच संधी मिळालेली नाही.

पेरूची_फोड
=)) =))

गोदाकाठची
@कृष्णाकाठ, मला हीच गाठ झाली होती, पण वरच्या टोकाला. कवटीच्या तळाशी, नाकाच्या अगदी मागे क्लायव्हस नावाचं हाड असतं, तिथे.

माझं सुरू झालं ते डबल दिसण्यापासून. डावीकडे पाहिलं की एका स्कूटरच्या दोन व्हायच्या. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून घेतला, उपयोग शून्य. मग एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवत बघायला सांगितलं आणि म्हणाल्या, डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळतच नाहीये, हा चष्म्याचा प्रश्न नाही, मेंदूचा एमआरआय काढा. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस क्लायव्हसवरूनच जाते. गाठ तिला दाबत होती.

ऑपरेशन नाकातून दुर्बिणीने झालं, कान-नाक-घशाचे आणि मेंदूचे सर्जन दोघं मिळून. चेहऱ्यावर एकही टाका नाही. पण तिथे 'एकसंध काढा' हा नियम पाळता येत नाही. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मागे ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ. तुकड्यातुकड्यानेच काढतात. म्हणून पाठोपाठ रेडिएशन. नंतर वाकलं की नाकातून टपटप पाणी येतंय का आणि ते खारट लागतंय का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. शिंकायचं तोंड उघडं ठेवून आणि नाक शिंकरायचं नाहीच. सर्दी झाली तेव्हा फार हाल झाले.

प्रोटॉन रेडिएशन चेन्नईला तारामणीत घेतलं. जवळपास सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर बसवून मास्क करतात, रोज त्याने डोकं टेबलाला जखडतात. बाहेर आलं की कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले. त्या अवतारात भाजी घ्यायला जायचे, भाजीवाली एकदा हसत म्हणाली, 'वॅफल?'

आता दर वर्षी एमआरआय आणि हार्मोनच्या तपासण्या, कारण पिट्युटरी ग्रंथी शेजारीच असते. थायरॉइडची गोळी सुरू झालीये. डबल दिसणं बरंच गेलं, फार दमले की येतं. व्यनि (खासगी निरोप) करा, नंबर देते.

आजोबा७२
प्रोटॉन म्हणजे नेमके काय? साध्या रेडिएशनपेक्षा वेगळे कसे?

सावलीवाचक
मी रेडिओलॉजीत आहे, रेडिएशन देणारी नाही, पण प्रयत्न करते. एक्सरे शरीरात शिरला की वाटेत सगळ्यांना मात्रा देत पलीकडून बाहेर पडतो. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन बहुतेक सगळी ऊर्जा तिथेच टाकतो आणि थांबतो. कॉर्डोमाला मात्रा खूप जास्त लागते आणि शेजारी ब्रेनस्टेम, डोळ्यांच्या नसा असतात, म्हणून इथे प्रोटॉनला खरा अर्थ आहे. प्रत्येक कॅन्सरला प्रोटॉन हवंच असं मात्र नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

चेन्नईचं केंद्र २०१९ पासून आहे. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातही २०२३ पासून प्रोटॉन सुरू झालंय. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना चेन्नईला बिऱ्हाड हलवावंच लागेल असं आता नाही.

न्यूजर्सीकर
अमेरिकेत यासाठी कॉर्डोमा फाउंडेशन आहे. जॉश सॉमर नावाच्या मुलाला कॉलेजात असताना कवटीतला कॉर्डोमा निघाला, तेव्हा त्याने आणि त्याच्या डॉक्टर आईने मिळून २००७ मध्ये ही संस्था काढली. जगातल्या कुठल्याही पेशंटच्या प्रश्नांना फुकट उत्तरं देतात. जमत असेल तर बोस्टनला किंवा जपानला नेण्याचा विचार करा, जपानमध्ये कार्बन आयनने (प्रोटॉनसारखंच, पण जड कणांचं रेडिएशन) सेक्रमच्या गाठींवर ऑपरेशनशिवायही उपचार करतात. भारतात एवढ्या दुर्मिळ रोगाचा अनुभव कितीसा असणार?

अस्थिपंजर
@न्यूजर्सीकर, संस्थेबद्दल सहमत, कार्बनबद्दलही. शेवटच्या वाक्याशी असहमत. दुर्मिळ रोग मोठ्या लोकसंख्येच्या देशात, मोजक्या हॉस्पिटलांत गोळा होतात. परळला टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या गाठींची जी टीम आहे तिने असल्या केसेस भरपूर पाहिल्यात. जपानचा खर्च आणि दुभाष्या धरून बागाईतदाराने बाग विकायची का?

न्यूजर्सीकर
विकायची म्हटलं नाही मी. पर्याय माहीत असावा एवढंच.

चौकस
अवांतर : इतिहास रंजक आहे. १८५७ मध्ये विर्को या नामांकित जर्मन रोगतज्ज्ञाला क्लायव्हसवर असले फुगेदार पेशींचे पुंजके दिसले आणि त्याला ते कूर्चेचे वाटले. पुढच्याच वर्षी म्युलर म्हणाला, हे नोटोकॉर्डचे अवशेष. म्युलर बरोबर निघाला, पण त्याचं नाव आज कुणाला माहीत? आता ब्रॅक्युरी नावाच्या प्रथिनाचा डाग लावून खात्री करतात. बायोप्सीत ते पॉझिटिव्ह आलं तर शंका फारशी राहत नाही. दिसायला बरीच सारखी असणारी कॉन्ड्रोसार्कोमा नावाची गाठ वेगळी निघते, आणि तिचं भवितव्य सहसा बरं असतं.

सह्याद्रीचा_वारा
मी तुमच्या धाग्यात माझं दुखणं घुसवतोय, माफ करा, पण 'तपासल्याशिवाय उपचार' यावरून आठवलं.

वडील, वय ७०. कंबरदुखी, एमआरआयमध्ये एल२ (कंबरेचा दुसरा) मणका खराब. एका ठिकाणी सांगितलं, मणक्याचा टीबी, एकेटी (टीबीच्या गोळ्या) चालू करा. बायोप्सी नाही, काही नाही. महिने गेले, गोळ्यांनी वजन उतरलं, दुखणं तसंच. एका रात्री बाथरूमला जाताना पाय लटपटले आणि सकाळी उठताच येईना. दुसरीकडे नेलं, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) केला तर आकडा प्रचंड. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू, ऑपरेशन करून मज्जारज्जूवरचा दाब काढला, नंतर रेडिएशन आणि हार्मोनची इंजेक्शनं. आज काठी घेऊन चालतात. पण ते महिने फुकट गेले याचा राग जात नाही.

सावलीवाचक
राग रास्त आहे. मात्र एक बाजू मांडते : आपल्याकडे मणक्याचा टीबी खरोखरच इतका आहे की डॉक्टरच्या मनात तो पहिला येणं साहजिक. ढोबळ खूण अशी की टीबी बहुधा दोन शेजारचे मणके आणि मधली चकती खातो, कॅन्सर चकतीला सहसा हात लावत नाही. पण दोन्हीकडे अपवाद मी पाहिलेत. म्हणून सुई घालून तुकडा घ्यावा, अर्धा सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) आणि अर्धा बायोप्सीला. तपासणी एकच, उत्तरं दोन्ही.

कोकणकन्या
पण प्रोस्टेट कुठे, मणका कुठे? तिथे जातो कसा?

अस्थिपंजर
ओटीपोटापासून कवटीपर्यंत कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे आणि त्या शिरांना झडपा नाहीत. खोकलं, कुंथलं की रक्त उलटंही वाहतं. बॅटसनने १९४० मध्ये हे दाखवलं, म्हणून त्याला बॅटसनचं जाळं म्हणतात. पेशी हृदय-फुप्फुसाला वळसा न घालता परस्पर मणक्यात किंवा कवटीत पोचू शकतात. सगळंच त्या एका वाटेने होतं असं नाही, पण प्रोस्टेट आणि स्तनाच्या बाबतीत ही वाट महत्त्वाची.

वडिलांच्या गोष्टीतला धडा सगळ्यांसाठी : आधीपासून कंबरदुखी असताना पाय लुळे पडायला लागले, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली, तर सकाळची वाट बघायची नाही. पाय पूर्ण जायच्या आत दाब निघाला तर चालता येण्याची शक्यता खूप जास्त.

दातवाली_डेंटिस्ट
आमच्या दुकानातलं एक. दाताचं काहीही कारण नसताना हनुवटी आणि खालचा ओठ एका बाजूला बधिर. पेशंट म्हणतो, इंजेक्शन दिल्यासारखं वाटतं. एका बाईंना असं होतं, पूर्वी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला. जबड्याच्या नसेवर तो परत आला होता. बधिरपणा दुखत नाही म्हणून लोक हसण्यावारी नेतात.

गोंयची_माड्डी
माझ्या मावशीच्या डोक्यावर केसांत गाठ होती, लिंबाएवढी, मऊ. सगळे म्हणायचे चरबीची. म्हापशाकडच्या एका दवाखान्यात भूल देऊन काढायला घेतली तर रक्त थांबेना, घाबरून टाके घालून पाठवून दिली. नंतर कळलं की ती गाठ हात लावला तर ठोके द्यायची, आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं. सीटीमध्ये खाली कवटीला भोक. निघाला थायरॉइडचा फॉलिक्युलर कॅन्सर, आणि गळ्यात तर कुणाच्या नजरेत भरेल असं काही नव्हतं.

थायरॉइड काढली, मग परळला आरएमसीत (रेडिएशन मेडिसिन सेंटर) रेडिओआयोडिन, म्हणजे किरणोत्सारी आयोडिन. एकटीला खोलीत ठेवतात, जेवण दाराशी. आंबट गोळ्या चघळायला सांगितलेल्या, मावशी म्हणे घरून कोकमं आणली असती. बरीच वर्षं झाली त्याला, आजही मासळी बाजारात घासाघीस करते.

टेन्शनराव
माझ्या एमआरआयमध्ये 'डी८ हिमँजिओमा' लिहिलंय, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्यात!! हा धागा वाचून हातपाय गार पडलेत. हा पण पसरतो का??

सावलीवाचक
नाही. रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ असतो तो, साधारण दहातल्या एका माणसात सापडतो, बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. रिपोर्टात लिहावं लागतं म्हणून लिहितो. चहा प्या.

टेन्शनराव
प्यायलो. थँक्यू. तरी एकदा परत काढू का?

सावलीवाचक
नको.

एसटी_निवृत्त
@कृष्णाकाठ, माझं सेक्रमचं ऑपरेशन झालं आहे, हाच आजार. सर्जनला एक प्रश्न आवर्जून विचारा : कुठल्या नसा वाचणार? दोन्ही बाजूच्या एस२ आणि निदान एक एस३ (सेक्रमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या नसा) वाचली तर लघवी-संडासचा ताबा बऱ्यापैकी राहतो. माझ्या दोन्ही एस३ गेल्या. दिवसातून ठरल्या वेळी स्वतः नळी घालून लघवी काढतो, त्याला सीआयसी म्हणतात. नळी, जेली आणि हात पुसायचा कागद जुन्या चष्म्याच्या घरात बसतो, शर्टाच्या खिशात असतो, कुणाला कळत नाही. संडासची वेळ सकाळी एनिमाने लावून घेतली.

ऑपरेशनपेक्षा जखमेने जास्त दमवलं. कित्येक आठवडे पाठीवर झोपायचं नाही, बसायचं नाही. टाक्यांची एक कड उघडली, परत थिएटरला नेलं. घरच्यांना हे आधी माहीत असू दे, नाहीतर वाटतं काहीतरी चुकलं. आता चालतो, गाडी थोडा वेळ चालवतो. एसटीत मात्र उभाच राहतो, तेवढी सवय नोकरीने लावलेली आहेच.

कृष्णाकाठ
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. बरंच घडलं.

इथलं ऑपरेशन थांबवलं. सर्जन चिडतील असं वाटलं होतं, उलट त्यांनीच पत्र लिहून दिलं. परळला फाइल काढली, बायोप्सी मागून सीटीखाली झाली. रिपोर्ट : कॉर्डोमा, ब्रॅक्युरी पॉझिटिव्ह. सगळ्या विभागांच्या मीटिंगमध्ये केस ठेवली. @एसटी_निवृत्त, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. दोन्ही एस२ वाचतील, एस३ ची एक बाजू वाचवायचा प्रयत्न, पण कबूल करत नाही म्हणाले. हे स्पष्ट बोलणं मला आवडलं. हाडाचे, आतड्याचे आणि जखम झाकायला प्लास्टिक सर्जन, तिघं असतील. रेडिएशनचं नंतर काढलेल्या गाठीच्या कडांचा रिपोर्ट (कडेला गाठीच्या पेशी उरल्यात का) बघून ठरेल.

घरात वेगळीच लढाई. मामी आणि मोठा मामेभाऊ म्हणत होते, मामांना 'कॅन्सर' सांगायचं नाही, 'हाडाची गाठ' म्हणायचं. मामांनी फाइलवरचं नाव स्वतःच मोबाइलवर शोधलं आणि जेवताना म्हणाले, 'नळी लागली तर लागू दे, पण ऑक्टोबर छाटणी कोण बघणार ते आधी ठरवा.' मग दोन तास फक्त बागेवर भांडण.

मीनल_ठाणे
मामा भारी आहेत. सांगायलाच हवं होतं. सही त्यांची, शरीर त्यांचं.

आजोबा७२
प्रत्येकाला सांगावेच असे नाही. माझ्या पत्नीने स्वतःच मला बजावले होते, 'मला आकडे सांगू नका.' आधी माणसाला विचारावे, किती ऐकायचे आहे.

मीनल_ठाणे
हे पटलं, आजोबा.

सह्याद्रीचा_वारा
राहण्याचं बघितलंत का? परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, दोन्हीकडे पेशंट आणि नातेवाइकांची सोय आहे. जागेसाठी थांबावं लागतं, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून पत्र घेऊन जा. फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मर्यादा आहे, पण तुमच्या ऑपरेशनला कुठलं पॅकेज बसतं ते हॉस्पिटलमधल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून भरतीच्या आधी पक्कं करा, नंतर नाही. शिधापत्रिका आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही बघा. आमचं 'रामचंद्र' आणि 'रामचंद्रराव'मध्ये अडकलं होतं.

अस्थिपंजर
आणि बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडा डिस्चार्जनंतर रीतसर अर्ज करून मागून घ्या. मेणाचे छोटे चौकोन असतात, सुकं कोरडं ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नको. पुढे कधी दुसरं मत घ्यायचं झालं किंवा नवं औषध आलं तर तेच लागतात. गाठ परत आलीच तर इमॅटिनिबसारख्या गोळ्या काही जणांत ती थोपवून धरतात, पण आत्ता तो विषय नको.

कृष्णाकाठ
तारीख मिळाली, पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा. रक्तपेढीत बदली रक्तदाते आणायला सांगितलेत. मामांचा गट बी निगेटिव्ह. गावाकडून टेम्पो भरून येतील, पण मुंबईत कुणी असेल तर बरं.

पेरूची_फोड
मी लोअर परळला नोकरीला. ओ पॉझिटिव्ह आहे, चालेल का?

सावलीवाचक
बदली दात्याला सहसा कुठलाही गट चालतो, पेढीचा साठा भरून निघतो. बी निगेटिव्हवाले वेगळे हवेतच. रिकाम्या पोटी जाऊ नका.

भटकी_म्हैस
मी बी निगेटिव्ह. खरंच. तारीख आणि वेळ व्यनि करा, जेवून येते.